आप्पांना ऐकू आलेली हवा

आप्पांना पक्षाघात झाला त्याला पाच महिने होत आले होते. माझ्या वडिलांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा आणि शब्द तर जवळपास गेलेच होते. कधीतरी एखादा सुटा शब्द यायचा, बस. चाळीस वर्षं श्रीरामपुरात ट्रक आणि जीपगाड्या दुरुस्त केलेला माणूस, पण दारातल्या गाडीकडेही बघेनासा झाला होता. आठवड्यातून दोनदा शाळेत अर्धी रजा टाकून मी त्यांना व्यायामासाठी नगरला न्यायचे. गाडी पंधरा वर्षांची, त्यांनीच जपलेली.

एका गुरुवारी राहुरीच्या पुढे इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी पळत होती, पण सिग्नलला थांबली की थरथरायची. दवाखान्याशेजारीच एक गॅरेज होतं. तिथल्या मेकॅनिकनं स्कॅनर लावला.

"ताई, हवा-पेट्रोलचं माप चुकतंय असं दाखवतंय. सेन्सर गेला असणार."

सेन्सर बदलला, दिवा विझला. सोमवारी निम्म्या वाटेत परत लागला.

"आता विकूनच टाकते ही गाडी," मी आप्पांच्या देखत बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

गॅरेजात मेकॅनिक पुन्हा स्कॅनर घेऊन उभा राहिला. बॉनेट उघडं, इंजिन चालू, आप्पा पुढच्या सीटवर. एकदम ते म्हणाले, "हवा."

मी काच पूर्ण खाली केली.

"हवा!"

"उकडतंय का? बाहेर बसता?" मी त्यांच्या शर्टाचं बटण सोडायला गेले, तर त्यांनी डाव्या हातानं माझा हात झटकला. चेहरा लालबुंद. "हवा... हवा..." म्हणत ते बॉनेटकडे बोट करू लागले.

माझ्या आधी मेकॅनिकच्या लक्षात आलं. "चाचा, इंजिन कुठून तरी हवा ओढतंय म्हणताय?"

आप्पांनी जोरजोरात मान हलवली.

दोघांनी धरून त्यांना बॉनेटपाशी आणलं. मेकॅनिकनं शेजारचा कॉम्प्रेसर बंद केला. आप्पा वाकले, कान तिरपा केला. मला नुसती इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग त्यांच्या डाव्या हाताचं बोट इंजिनामागच्या एका रबरी नळीखाली गेलं आणि त्यांनी ते दाबून धरलं. थरथर थांबली. बोट उचललं, पुन्हा सुरू. दाबलं, पुन्हा बंद.

मेकॅनिकनं इंजिन बंद करून टॉर्च मारला आणि नळी पिळून मला दाखवली. वरून धडधाकट होती, खालून मात्र बोटाच्या पेराएवढी चीर.

"इथून चोरून हवा आत जात होती. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता, मीच त्याला खोटा ठरवला," तो म्हणाला. नवी नळी बसवताना त्यानं आप्पांना स्टूल दिलं, आणि क्लिप आप्पांनी डाव्या हातानं, तीनदा निसटल्यावर, लावली. आम्ही दोघंही मदतीला पुढे झालो नाही.

निघताना तो म्हणाला, "चाचा, गुरुवारी व्यायाम झाला की इकडं या. एक जीप हाय, लई दिवस झाले, रोगच सापडंना."

"बघू, जमतंय का त्यांना," मी सवयीनं त्यांच्या वतीनं उत्तर दिलं. आप्पांनी डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं.

बुधवारी जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "उद्या," ते म्हणाले.

त्यांचं वाक्य मी पुरं करायचं, असं इतके महिने चाललं होतं. त्या दिवशी मी थांबले.

"उद्या... जीप."

आजारपणानंतर दोन शब्द पहिल्यांदाच जोडून आले होते. मी आईला हाक मारली. ती पिठाच्या हातानं धावत आली, आणि तिच्यासाठी आप्पांनी ते पुन्हा, सावकाश म्हणून दाखवलं.

जीपचा रोग सापडायला मात्र दोन गुरुवार लागले.