शेवंताच्या पदरची मालिका

सत्त्याऐंशी साली उणकलच्या तळ्याकडच्या त्या वस्तीत टीव्ही एकच होता, दुर्गव्वाच्या घरी. आणि त्या टीव्हीला तोंडही एकच होतं, शेवंताचं. यात नवल काही नाही. मालिका हिंदीत आणि बघणाऱ्या बायका साऱ्या कानडी. शेवंता बौद्ध, मराठी घरातली. पण कानडी तिच्या तोंडात लहानपणापासून, आणि रेल्वेच्या साहेबांकडे धुणीभांडी करता करता हिंदीही पक्की झालेली. म्हणून दर बुधवारी टीव्हीच्या शेजारी, भिंतीला टेकून, तिची जागा ठरलेली. पडद्यावरची बाई एक वाक्य बोलली की शेवंता कानडीत दोन सांगायची. दुसरं तिच्या पदरचं असायचं. सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि चालायचंही. तिचं सांगणं टीव्हीपेक्षा रंगायचं, खोटं कशाला बोला!

मालिका होती कमला नावाच्या एका बाईची. नवरा बोटीवर कामाला म्हणून गेलेला, परत आलाच नाही, आणि ही आपली वाट बघत बसलेली. कमला कधी चिडून नवऱ्याला वाईटसाईट बोलली तर शेवंता तेवढं सरळ गिळून टाकायची. "काय म्हणाली गं?" बायका विचारायच्या. "काही नाही, म्हणतेय जेवला असेल की नाही कुणास ठाऊक."

का गिळायची, तेही वस्तीला माहीत होतं. शेवंताचा नवरा मारुती तारिहाळच्या एका कारखान्यात फिटर होता. पाच वर्षांपूर्वी तिथं संप झाला आणि मारुतीसारख्या चिवट माणसांनी तो लांबवला. घरात चूल पेटायची मारामार. मग एकेक जण गुपचूप मागच्या गेटनं कामावर जायला लागला. मारुतीलाही बोलावणं आलं. तो गेला नाही, आणि शेवंतानं त्याला जा म्हटलं नाही. उलट मागच्या गेटनं गेलेल्या सख्ख्या चुलतदिराच्या घरी तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेणं सोडलं. असली खमकी बाई! पण संप फसला, नोकरी गेली, आणि मारुती काम बघायला गोव्याला गेला. "बुद्धपौर्णिमेला येतो," म्हणाला. पौर्णिमा आल्या आणि गेल्या. मारुती आला नाही, की त्याचा निरोप आला नाही.

तर त्या बुधवारी कमलाच्या दारावर थाप पडली. कमला उठली, पदर सावरला, कडीला हात घातला... आणि भाग संपला. दुर्गव्वाच्या घरात एकच गलका झाला. शेवंता तर आठवडाभर जमिनीवर नव्हती. साहेबांची बशी फोडली, बाईसाहेबांची बोलणी खाल्ली, आणि तरी गालातल्या गालात हसत घरी आली.

पुढच्या बुधवारी कमलाच्या जागी सतार लागली.

"मेल्यांना आत्ताच सतार सुचली!" शेवंता कडाडली. "कडीवर हात ठेवून उभी आहे ती बाई! हात दुखत नसतील तिचे?"

त्याच्या पुढच्या बुधवारीही सतारच. तेव्हा दुर्गव्वाचा मुलगा हणमंत पेपर वाचून सांगायला आला, की मालिका लिहिणाऱ्यांनी मुंबईत संप केलाय. त्यांचं नाव नीट दाखवत नाहीत, हक्काचं देत नाहीत, म्हणून सगळ्यांनी पेनं खाली ठेवली. "पेनाचा संप! बसून लिहायचं, त्यात कसले कष्ट?" हणमंत हसला.

बायकांनी लिहिणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवंता मात्र त्यात सामील झाली नाही. संप म्हटलं की तिची दोन मनं व्हायची. एक मन म्हणायचं, बरोबर केलं, ज्याच्या हातचं काम त्यालाच त्याचं मोल कळणार. दुसरं मन म्हणायचं, अरे बाबांनो, मग ते दार तेवढं उघडा आणि खुशाल बसा की संपावर!

महिना असाच गेला. एका बुधवारी सतार सुरू झाली तशी दुर्गव्वानं टीव्हीच बंद केला. "शेवंता, तूच सांग पुढचं. एवीतेवी निम्मी मालिका तुझीच असते."

"हो गं, सांग की! उघड ते दार," सगळ्या पुढं सरकल्या.

शेवंताला काय, सांगायला शब्द शोधावे लागणार नव्हते. महिनाभर भाकरी थापताना, भांडी घासताना तिनं ते दार शंभरदा उघडलं होतं. तो दारात उभा असणार, दाढी वाढलेली, हातात पिशवी. म्हणणार, "उशीर झाला गं." बस्स, एवढंच. तिनं घसा साफ केला.

"कमलानं कडी काढली," ती म्हणाली. "दार उघडलं..."

आणि तिची जीभ अडली. तिला मागचं गेट आठवलं. "नाही अक्का," ती म्हणाली. "मला नाही जमायचं. त्यांनी काम बंद ठेवलंय, ते मी कसं करू?"

"अगं वेडी का काय तू? मुंबईला कळणार आहे थोडंच! कोण बघतंय इथं?"

"मागच्या गेटनं जाणारेसुद्धा हेच म्हणायचे," शेवंता म्हणाली आणि उठून गेली. बायका चिडल्या. फार शहाणी, म्हणाल्या. दोन बुधवार कुणी तिच्याशी धड बोललं नाही. घरी एकटी असली की तिचीही जीभ नुसती वळवळायची. पण दारातल्या त्या माणसाला तिनं एका शब्दानं आत घेतलं नाही.

मग एकदाचा संप मिटला. "त्यांचं ऐकलं म्हणे," हणमंतनं सांगितलं, आणि शेवंताचे डोळे भरून आले. कुणाचा तरी संप जिंकला होता.

बुधवारी खोली गच्च भरली. शेवंता आपल्या जागी, भिंतीला टेकून. कमलानं कडी काढली, दार उघडलं. दारात एक परका माणूस होता, बोटीवरचा. तो हिंदीत बरंच बोलला. कमला मटकन खाली बसली.

"काय म्हणाला गं? काय झालं?" बायका ओरडल्या.

शेवंतानं पडद्यावरची नजर काढली नाही. "म्हणाला, त्यानं तिकडं दुसरं घर केलंय. पोरंबाळं आहेत. वाट बघू नको म्हणून सांगितलंय."

एकेक बाई उठून, शेवंताकडे न बघता घरी गेली. दुर्गव्वा तिच्याजवळ येऊन बसली. "खरं सांग. यात तुझ्या पदरचं किती?"

"काही नाही अक्का. आज सगळं त्यांचंच."

"त्या दिवशी तूच सांगायचं होतंस गं पोरी."

"हो," शेवंता म्हणाली. आणि मग इतक्या वर्षांचं रडू तिला एकदम फुटलं. "मी सांगितलं असतं ना अक्का, तर आला असता."