दोन नमुने

शकील गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत दहावीच्या वर्गावर होतो. त्याच्या लॅबमधली मुलगी बोलत होती. "सर, डॉक्टरसाहेब जिना चढता चढता खाली बसले, ते…" आता महिना उलटला. त्याच्या गावी, रोहिणखेडला, याच हातांनी त्याला माती दिली, तरी त्याच्याबद्दल 'होता' असं लिहिताना पेन अडतं.

आम्ही शाळेपासूनचे दोस्त. तो पॅथॉलॉजिस्ट होऊन बुलढाण्यात परतला, मी इथंच मास्तर झालो. आतड्याचा कॅन्सर व्हायच्या आधीच पकडायचा, हा त्याचा ध्यास. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त तपासणीत सापडतं, हे तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचा. शेजारचा माणूस बुंदी टाकून उठायचा. जुन्या तपासणीआधी मटण आणि मुळा बंद करावा लागे, नाहीतर नसलेलं रक्त दिसायचं. नवी पट्टी फक्त माणसाचंच रक्त ओळखते, हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलायचा की जणू ती पट्टी यानंच शोधलीय.

लोकांना लाज वाटू नये म्हणून 'संडास' हा शब्द त्यानं लॅबमधून हद्दपार केला होता. नुसतं 'नमुना' म्हणायचं. एकदा देऊळघाटच्या एका आजोबांना त्यानं सांगितलं, उद्या सकाळी नमुना घेऊन या. दुसऱ्या दिवशी आजोबा ग्रामपंचायतीतून घराचा नमुना आठ, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा, काढून हजर! "सही-शिक्का आहे सायेब, पाहून घ्या." शकीलनं हसू दाबलं, कागद दोन्ही हातांनी घेतला, नीट वाचला. "घर तं पक्कं आहे बाबा," तो म्हणाला, "आता पोट पाहू."

पन्नाशी लागल्यापासून तो माझ्यामागे लागला होता.

"मले काहीच त्रास नाही बे," मी म्हणायचो.

"त्रास होऊन नाही राह्यला म्हणूनच दे म्हणतो."

शेवटी त्याची कटकट संपावी म्हणून नमुन्याची डबी नेऊन दिली. पट्टीवर दुसरी रेघ उमटली, म्हणजे रक्त होतं. त्यानं थट्टा थांबवली, आणि तेव्हा मात्र मी घाबरलो. संभाजीनगरला दुर्बिणीतून आतड्यातली छोटी गाठ काढली. तिचा पातळ काप रंगवून लावलेली काच शकीलनं मागवून घेतली आणि मला मायक्रोस्कोपपुढे बसवलं. मला नुसती जांभळ्या ठिपक्यांची दाटी दिसली; त्या गाठीतल्या पेशी. "हे पोट्टे अजून वाया गेले नाहीत," तो म्हणाला, "पण वाया जाऊन राह्यले होते." मग तो चष्मा पुसत बसला. बराच वेळ पुसत होता.

पुढची दुर्बीण ठरलेल्या वर्षी व्हायची. पण मधल्या वर्षांत आपल्या समाधानासाठी तो दिवाळीच्या सुट्टीत माझी डबी मागायचाच. मी दारात दिसलो की आतून हाक यायची, "आला का नमुना?" मी म्हणायचो, "दोन आलेत." मग मोठ्या नमुन्यासाठी चहा सांगितला जायचा. माझ्या आतलं वेळेवर सापडलं. त्याच्या छातीत काय शिजत होतं, ते शोधायला त्यानं कुणाला सवडच दिली नाही. मी जिवंत आहे तो त्याच्यामुळे, आणि हे ज्याला सांगायचं तोच नाही… याचा मला राग येतो. कुणावर काढू?

परवा सुट्टी लागली आणि सवयीनं डबी घेऊन लॅबवर गेलो. त्याची खुर्ची टेबलाला टेकवून ठेवली होती. फोन करणारी ती मुलगी यंदाच कामाला लागली होती, मान खाली घालून चिठ्ठ्या चिकटवत होती. वर न बघताच तिनं विचारलं,

"नमुना आणला का?"

"दोन आलेत," माझ्या तोंडून गेलं.

मी डबी टेबलावर ठेवली. तिनं ती उचलून बाजूला ठेवली आणि दुसऱ्या डबीसाठी हात पुढे केला.