भागुबाईंची सही

भागुबाई शहरालगतच्या मखमलाबाद गावच्या. सकाळी घरच्या वावरातला झेंडू तोडायचा, दुपारी टोपली रिक्षात घालायची आणि कॉलेज रोडवरच्या चकचकीत शोरूमसमोर फुटपाथवर बसायचं, हा त्यांचा अठरा वर्षांचा नेम. दुकानदारांच्या संघटनेच्या लेखी त्या म्हणजे ‘अतिक्रमण’.

मार्चमधल्या एका शनिवारी तिथे पोरांच्या दोन टोळक्यांत जुंपली. एका शोरूमची काच फुटली, भागुबाईंची टोपली लवंडली. मग काय, आठवडाभर ज्याच्या त्याच्या तोंडी ‘टवाळखोर’. संध्याकाळी सातनंतर ओळखपत्राशिवाय पोरांना रस्त्यावर फिरकू देऊ नये, असं निवेदन संघटनेनं तयार केलं आणि सभा बोलावली. मी तिथला रहिवासी. न वाचताच सही ठोकून मोकळा झालो होतो. आम्हा बंगलेवाल्यांना ही खोडच आहे.

नुकसान झालेली गरीब बाई हवी, म्हणून भागुबाईंना पुढच्या रांगेत बसवलं. सही केलीत तर तुमच्या जागेला हात लागणार नाही, असा शब्द सचिवांनी त्यांना दिला होता. त्यांचं घर त्या टोपलीवर चालतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

“पोरांनी तुमची फुलं तुडवली ना?” सचिवांनी विचारलं.

“तुडवली. एकाला दिली कानाखाली. त्यानं सगळी येचून दिली. मिटलं.”

सभा हसली. सचिवांनी कागद पुढे केला. चौथी पास बाई, ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागल्या, “टवाळखोर, भिकारी व फुटपाथवरील अतिक्रमणे हटवावीत.” बोट थांबलं.

“अतिक्रमण म्हंजे मीच ना, शेठ? आन् खाली सही करनारे स्थानिक व्यावसायिक, तेबी मीच?”

“ते नुसतं लिहायचं म्हणून असतं हो.”

“मग पोरांचंबी तसंच लिवलं आसंल. सातपूरच्या कंपन्यांतून काढलेली पोरं हायेत ती. त्यांनी फिरायचं कुटं? रस्ता काय तुमच्या दुकानातला माल हाय?”

मला खरोखर लाज वाटली. सचिवांचा चेहरा मात्र लाल झाला होता. “मग तुमच्या जागेची जबाबदारी आमची नाही.”

“नव्हतीच कवा. आना गाडी. मी उठनार नाय.”

तीन दिवसांनी अतिक्रमणाची गाडी आली. टोपली, पोतं, पाण्याची बादली, सगळं उचलून नेलं. भागुबाई रिकाम्या फुटपाथवर दिवे लागेपर्यंत तशाच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नवी टोपली घेऊन आल्या.