सुकटीच्या वासावर वाळ्याचा वास

घरातले वास घालवायचे उपाय या सदरात वाचले आणि राहवलं नाही... एक उपाय आमच्या घरातही झाला होता, पण तो करायचा कसा, हे मला सांगता येणार नाही!

आधीच सांगतो, चमत्कार वगैरे गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो, आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. उज्जैनला बँकेत लागलो आणि महत्प्रयासाने फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागे, दोन खोल्या मिळवल्या. मग आई-बाबांना कोकणातून घेऊन आलो. गल्लीत नुकतीच केबल आली होती, तेव्हाची गोष्ट. घरमालकीण अम्माजी वर एकट्या राहायच्या. त्यांची अट एकच — "मांस-मच्छी बनी, तो उसी दिन सामान बाहर."

जानेवारीतला रविवार. अम्माजी मुलीकडे देवासला गेलेल्या, येणार संध्याकाळी. मामाने पाठवलेली सुकट आईने डब्यात दडवली होती.

"अगं, कर की आज! किती दिवस पोहे-जलेबीवर काढायचे?" बाबा म्हणाले.

सुकट तव्यावर पडली आणि वास थेट जिन्यापर्यंत! जेवलो मात्र बोटं चाटून. मग धावपळ... कापूर जाळला, उदबत्त्या लावल्या, लिंबाच्या साली उकळल्या, निखाऱ्यावर ओवा टाकला.

"आता सुकटीला ओव्याची फोडणी दिल्यासारखं झालंय," बाबा टॉवेलने वारा घालत म्हणाले.

"हसताय काय? पोराच्या खोल्या जातील!" आई रडकुंडीला आली होती.

...आणि दुपारी दीडलाच बाहेर टेम्पो थांबला. अम्माजी!

आमचंच दार वाजलं. मी कडी काढली, आणि त्याच क्षणी खोलीत ओल्या वाळ्याचा गारेगार वास पसरला. उन्हाळ्यात कूलरमधून येतो ना, अगदी तस्सा.

"जनवरी में खस किसने भिगोई?" अम्माजींनी दारातूनच विचारलं. त्या सरळ खिडकीशी गेल्या. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते, वारून बरीच वर्षं झालेली. पूर्वी दोघं याच खोल्यांत राहायची. उन्हाळ्याच्या दुपारी या खिडकीतल्या वाळ्याच्या पडद्यावर ते स्वतः पाणी शिंपडायचे. "मुझे उठने नहीं देते थे," त्या म्हणाल्या.

मला खोटं बोलवेना. "अम्माजी, आज हमने मछली बनाई थी. गलती हमारी है."

"नाक है मेरी, बेटा! जीने में ही पता चल गया था." मग डोळे पुसत हसल्या. "पर जब गार्ड साब खुद तुम्हारी वकालत करने आए हैं, तो मैं क्या बोलूँ? उनसे मैं कभी जीती हूँ? बस, दोबारा उनको तकलीफ मत देना."

पाच-सात मिनिटांत तो वास गेला. मी खिडकीची चौकट चाचपली — कोरडी. शेजारीपाजारी चौकशी केली. सगळ्यांचे कूलर माळ्यावर.

वास म्हणजे हवेतले रेणू, एवढं मी शिकलोय. ते त्या दिवशी कुठून आले, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. त्या घरात आम्ही नऊ वर्षं सुखाने राहिलो. आई दर रविवारी त्या खिडकीला हात जोडायची... मी तिला कधी अडवलं नाही.