कुणकेश्वरच्या जत्रेच्या आठ डिस्क

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर वर्षाली नावाची एक बाई राहते. तिचा नवरा नितेश लग्नांची आणि जत्रांची शूटिंग करतो आणि मिक्सिंग वर्षाली करते. चित्रणातलं काय ठेवायचं, काय कापायचं, कुठे गाणं घालायचं, हे सगळं घरातल्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर तीच ठरवते. नितेशच्या घरची होडी होती, पण समुद्रावर त्याचं मन रमलं नाही. २००२ साली त्याने कॅमेरा घेतला आणि त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. मिक्सिंग ती कणकवलीत एका क्लासात शिकली होती.

खाऱ्या हवेत डिस्क टिकत नाहीत. वरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटतो, पावसाळ्यात बुरशी धरते. २००९ च्या उन्हाळ्यात वर्षालीचा भाऊ विनीत बोटीवरून सुट्टीला आला, तेव्हा त्याने सिंगापूरहून एक काळा डबा आणला. आत दोन हार्डडिस्क. तो घरच्या नेटवर्कला जोडला की सगळं त्यात साठवता येतं. एकच गोष्ट दोन्ही हार्डडिस्कवर लिहिली जाते, म्हणून एक बिघडली तर दुसरी वाचवते, असं त्याने सांगितलं. "पण ताय, तू स्वतः काय पुसलंस तर दोन्हीकडचा जातला हां," असंही सांगितलं.

चार महिने खपून तिने चारशे बारा डिस्क त्या डब्यात उतरवल्या. प्रत्येक डिस्कची जशीच्या तशी प्रत, तिला इमेज म्हणतात. उतरवून झालेल्या डिस्क मग फेकून दिल्या. मूळ टेपांवर तर नितेशने कधीच दुसरी लग्नं चढवली होती.

पण इमेज म्हणजे बंद पेटी. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन यायचं आणि म्हणायचं, ह्यात घालून दे. म्हणून २०१० च्या जानेवारीत वर्षालीने त्या सगळ्या इमेजांच्या साध्या व्हिडिओ फायली करायला घेतल्या. एकेक करत बसली असती तर वर्ष गेलं असतं. तिने वीस-वीसची रांग लावली. प्रोग्रॅम एक संपली की दुसरी घेई आणि प्रत्येक फाईलबरोबर एक पान तयार करी, दर दोन मिनिटांचं एक बारीक चित्र असलेलं. वीज गेली की रांग तुटायची, म्हणून ती भारनियमनाच्या वेळा बघून काम लावायची.

कुणकेश्वरच्या जत्रेच्या आठ वर्षांच्या आठ डिस्क एकाच रांगेत होत्या. ते कच्चं चित्रण होतं, कापाकापीच्या आधीचं. रांग सुरू करण्याआधी एकदा तपासावं म्हणून तिने आठही डिस्कच्या चित्रांची पानं आधी काढून घेतली आणि शेजारी शेजारी उघडली.

प्रत्येक पानावर तीच एक बाई होती.

खाज्याचं दुकान. गुळात घोळवलेल्या खाज्याचे ढीग आणि त्यामागे बसलेली ती. २००२ ला हिरवं लुगडं, २००३ ला जांभळं. कधी तागडी धरलेली, कधी कपाळावरचा घाम दंडाला पुसणारी. वर्षातून एकदा मिक्सिंग करताना पाच मिनिटं दिसलेला चेहरा लक्षात राहत नाही. कापून टाकायचा आणि पुढे जायचं. आता आठ वर्षं एका पडद्यावर आली. वर्षालीने मिनिटं मोजली. देवळाच्या कळसावर कॅमेरा दोन मिनिटं थांबला होता. २००५ साली ह्या बाईवर बाराएक मिनिटं.

नितेश जेवायला आला तेव्हा तिने पडदा दाखवला.

"ही कोण?"

त्याने वाकून पाहिलं. "खाज्यावाली. सत्यवती म्हणतत तिका."

"आठ वर्सां कॅमेरो तिच्याच दुकानार कित्याक थांबता?"

खोटं बोलणं त्याला जमत नाही, आणि ह्या वेळी जमलं असतं तर बरं झालं असतं, असं वर्षाली नंतर म्हणायची.

"बघूक बरी दिसता," तो म्हणाला. "बाकी काय नाय गो. तिका माजा नावसुद्धा ठावक नाय."

तिचा विश्वास बसला. बसला म्हणूनच जास्त लागलं. लफडं असतं तर भांडता आलं असतं, माहेरी जाता आलं असतं. नुसतं बघण्याशी कसं भांडायचं?

दुसऱ्या दिवशी त्याची पाठ वळल्यावर तिने तयार झालेली सगळी पानं चाळली. ती स्वतःला शोधत होती. दोनशेच्या वर पानांत ती दोनदा सापडली. एकदा दिराच्या लग्नात, पंगतीत वाढताना, पाठमोरी. एकदा नुसता हात, केबल धरलेला. ज्या माणसाने आठ वर्षं कॅमेरा खांद्यावर घेतला, त्याला तिच्यासमोर तो एकदाही धरावासा वाटला नव्हता.

तिने २००५ ची इमेज निवडली आणि पुसली. खरंच पुसायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तिने हो म्हटलं. बाकीच्या सात रांगेत तशाच राहिल्या.

फेब्रुवारीत महाशिवरात्र आली. वर्षाली जत्रेला कधी जात नसे. ह्या वेळी बॅटऱ्यांची पिशवी खांद्याला लावून नितेशबरोबर निघाली. बाई जवळून थोराड निघेल, दात पुढे असतील, अशी काहीतरी आशा तिच्या मनात होती. तसं काही नव्हतं. चाळिशीची, तेलकट कपाळाची, पण मान वर करून बघितलं की बघत राहावं अशी. नितेश देवळाकडे गेल्यावर वर्षाली एकटीच दुकानापुढे उभी राहिली.

"तू कॅमेरेवाल्यांची बायल मा?" पिशवी बघून सत्यवतीने विचारलं. "दरवर्सा येतत, कॅमेरो लावतत, जातत. आमका एकदाय दाखवूक नाय."

वर्षालीने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"बाये, एक काम होता. पाच वर्सांमागे माजी सासू दुकानार बसलली. कृष्णाबाई. पायात दम नव्हतो, तरी हट्टान इलली. त्याच पावसात गेली ती. तिचो एकय फोटो आमच्याकडे नाय. त्या वर्साची डिस्क गावतली काय?"

"ती खराब झाली," वर्षाली म्हणाली.

सत्यवतीने मान हलवली आणि तिच्या हातावर खाज्याचे दोन तुकडे ठेवले. वर्षालीने ते पिशवीत टाकले.

घरी येऊन तिने ते पान उघडलं. इमेज गेली होती, पण चित्रांचं पान वेगळ्या फोल्डरमध्ये राहिलं होतं. सत्यवतीच्या शेजारी सहा चित्रांत एक म्हातारी होती, नखाएवढी. मोठं केलं की चेहऱ्याचे चौकोन होत.

इमेज पुसल्याचं तिने नितेशला सांगितलं. तो रागावला नाही, दोन दिवस बोललाही नाही. मग एवढंच म्हणाला, "माका सांगून काय उपेग? तिका सांग."

पुढच्या आठवड्यात उरलेल्या सात वर्षांतले सत्यवतीचे तुकडे तिने एका डिस्कवर घेतले, एसटी पकडली आणि विचारत विचारत सत्यवतीच्या घरी पोचली. सत्यवती अंगणात चूल पेटवत होती.

"वयनी, २००५ ची खराब झाली नाय. मीच पुसलंय ती."

"कित्याक?"

"तुमच्यावर जळलंय. माजो घोव तुमका बघता म्हणान."

सत्यवतीने हातातलं लाकूड खाली ठेवलं. "माज्यावर?" ती म्हणाली. "आणि सासू गेली माजी."

तिने डिस्क घेतली. बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. वर्षाली दुपारच्या गाडीने परत आली.

एप्रिलपर्यंत सगळ्या फायली झाल्या. जळणं थांबलं का, असं तिच्या बहिणीने एकदा विचारलं, तेव्हा वर्षाली म्हणाली, नाही, पण आता मी काही पुसत नाही. आणि कोणी २००५ ची जत्रा मागितली, तर ती खराब झाली असं ती सांगत नाही. माझ्याकडून पुसली गेली, म्हणते.