दोन माणसांचा प्लॅन

हे किस्से मला खरोखर आठवतात, की मंडळींनी दर वेळी नव्यानं सांगून माझ्या डोक्यात पक्के केलेत, हे आता मला ठरवता येत नाही. किस्से साठतात ते असेच. एक जण सांगतो, दुसरा सुधारतो, तिसरा तिथे नव्हताच पण तोच सगळ्यात जास्त हसतो. काही तपशील चुकले असतील. चुकलेच असतील.

आमचं मंडळ इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीचं. दर शनिवारी दुपारी डॉ. सुधाकर देवस्थळी आणि उषावहिनींच्या घरी जमायचं. ऐंशीचं दशक. सगळे डॉक्टर, मी एकटा पॉलिटेक्निकमध्ये स्टॅटिस्टिक्स शिकवणारा, आणि मी एकटाच एकटा. युरोपातल्या सगळ्या गाड्यांचं एक जाड वेळापत्रक मिळायचं. ते मी नियमानं विकत घ्यायचो. संध्याकाळी वाचायला बरं पडायचं. त्यामुळे कोणाला युरोपात जायचं असलं की प्लॅन माझ्याकडे!

*

पहिला प्लॅन सुधाकरचा. ब्रसेल्स ते अँटवर्प. पाऊण तासाचा प्रवास. मी सात पानं लिहून दिली. गाडी चुकली तर काय, दोन्ही चुकल्या तर काय, संप असला तर काय.

सुधाकर हाडांचा सर्जन. त्यानं पानं हातात तोलून पाहिली.

"अरे, माणसाचा खुबा बदलताना मी एवढं लिहीत नाही!"

"म्हणूनच मला काळजी वाटते," मी म्हणालो. लोक हसले. मी विनोद केला नव्हता.

*

पुढच्या वर्षी ते दोघं हॉलंडला गेले. तिथे उट्रेख्टला गाडी तोडायचे. पुढचे डबे रॉटरडॅमला, मागचे हेगला. सुधाकर सिगारेट ओढायला मागच्या डब्यात गेला, वहिनी पुढे बसून राहिल्या.

दुपारी माझा फोन वाजला.

"मी हेगला आहे. उषा रॉटरडॅमला गेली!"

"पान चार, तळटीप," मी म्हणालो.

"मी तीनपर्यंतच वाचलं होतं रे!"

"जेवणाचा डबा कोणाकडे आहे?"

"तिच्याकडे."

"मग तूच तिच्याकडे जा. ती कशाला येईल?"

परत आल्यावर मला वाटलं, वहिनी रागावतील. मी माफी मागायची वाक्यंसुद्धा तयार ठेवली होती. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. "ह्यांनी हेग पाहिलं, मी रॉटरडॅम. तुमच्यामुळे एका तिकिटात घरात दोन शहरं आली! आणि तीन तास कोणी मला 'उषा, माझा चष्मा कुठाय' विचारलं नाही."

*

त्यांची मुलगी रश्मी इथेच जन्मलेली. ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी, झाल्यावर मैत्रिणीबरोबर महिनाभर युरोपभर फिरायला निघाली. मी तिलाही प्लॅन दिला.

"काका, तुमची प्लॅन मी वाचली. It's lovely. पण आम्ही just स्टेशनवर जाणार, आणि जो ट्रेन पहिला येईल त्याच्यात बसणार."

"आणि तो नको तिथे गेला तर?"

"मग तिथे जाणार ना!"

दहा दिवस मी शक्यतो फोनपासून हललो नाही. तिचे आईवडील निवांत होते, म्हणून त्यांच्या वाटची काळजी मीच केली. अकराव्या दिवशी गेंटहून पोस्टकार्ड आलं. रोमन लिपीत मराठी. "काका, डोन्ट वरी. ट्रेन आला. मी बसली."

ते कार्ड अजून आहे.

*

एका शनिवारी मंडळात एक नवे हृदयरोगतज्ज्ञ आले. त्यांनी विचारलं, कोलोनला गाडी बदलायला वेळ पुरतो का? मी त्यांना सांगितलं, कुठल्या प्लॅटफॉर्मवर उतरायचं, कुठल्या जिन्यानं खाली जायचं, कुठून परत वर यायचं.

"वा! तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?"

मी चहाचा कप उचलला. उत्तर सुधाकरनं दिलं.

"तो जात नाही हो. तो फक्त पाठवतो!"

त्या दिवशी सगळ्यात जास्त मीच हसलो.

*

नलिनी काळे लंडनच्या स्टॅनमोर भागात राहायच्या. भूलतज्ज्ञ. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनींच्या मैत्रीण, म्हणून महिन्यातून एखाद्या शनिवारी यायच्या. मला 'प्रोफेसर' म्हणायच्या. मी प्रोफेसर कधीच नव्हतो. ते मी दोनदा सांगितलंही.

एका उन्हाळ्यात त्या म्हणाल्या, "सप्टेंबरमध्ये साल्झबर्गला कॉन्फरन्स आहे. नंतर तीन दिवस मोकळी आहे. मला साल्झबर्ग ते इन्सब्रुक प्लॅन करून द्या. दोन माणसांचा."

"दुसरं कोण?"

"ते प्लॅन करणाऱ्यानं ठरवायचं, प्रोफेसर."

मी तीन आठवडे घेतले. व्हिसा काढला, ऑस्ट्रियाचा. मग नकाशात दिसलं की दोन्ही शहरं ऑस्ट्रियातली, पण सरळ गाडी मध्ये जर्मनीतून जाते. आमचे दोघांचे पासपोर्ट भारतीय. जर्मनीचा व्हिसा आता वेळेत होणार नव्हता. मी फोन केला.

"मध्येच पासपोर्ट मागितला तर उतरवतील."

"खात्री आहे तुमची?"

"नाही. पण उतरवणार नाहीत याचीही नाही."

"दुसरा रस्ता?"

"आहे. डोंगरातून, ऑस्ट्रियातूनच. दुप्पट वेळ. आणि एक गाडी आठ मिनिटांत बदलायची."

"आठ मिनिटं पुष्कळ झाली की!"

"चुकली तर?"

"तर पुढची गाडी, प्रोफेसर. आपण दोघं असू ना तिथे."

मी म्हणालो, पुन्हा एकदा तपासतो, शुक्रवारपर्यंत कळवतो. शुक्रवारी रिसीव्हर दोनदा उचलला. कळवलं नाही.

त्या कॉन्फरन्सला गेल्या आणि तिथूनच परत आल्या. पुढच्या वर्षी घर विकून पुण्याला, बहिणीकडे गेल्या. निरोपाच्या जेवणाला सगळे होते. वहिनी म्हणाल्या, "हिला विमानतळापर्यंतचा प्लॅन तरी द्या!" नलिनीबाई हसून म्हणाल्या, "नको, टॅक्सी सांगितलीय."

निवृत्त झाल्यावर, त्र्याण्णव किंवा चौऱ्याण्णव साली, मी साल्झबर्गला गेलो. एकटा. पासपोर्ट भारतीयच, व्हिसा फक्त ऑस्ट्रियाचा. सरळ गाडीत बसलो. पासपोर्ट सगळा वेळ हातात धरून ठेवला होता. गाडी जर्मनीत शिरली आणि जर्मनीतून बाहेर पडली. मध्ये एकदाही थांबली नाही.

तिकीट तपासायला आलेल्या माणसानं माझ्या हाताकडे पाहिलं.

"तो ठेवून द्या. ह्या गाडीत पासपोर्ट लागत नाही."

"कधीपासून?"

"मी नोकरीला लागलो तेव्हाही लागत नव्हता."

"आणि तुम्ही कधी लागलात?"

त्यानं तिकिटाला भोक पाडलं. "एकोणीस वर्षं झाली."