फवारा न मारलेली बाग

सकाळी झमकूबाई बागेतली फरशी झाडायला लागल्या आणि केरसुणीखाली मधमाशी आली. मेलेली. मग दुसरी, मग चार-पाच, आणि सूर्यफुलांच्या बुडाशी तर पसाभर! काही अजून जिवंत होत्या. पाठीवर पडून, पाय झाडत जागच्या जागी गरगर फिरत होत्या. बाईंच्या हातातली केरसुणी गळून पडली. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर थांबून राहणारी ही बाई, आणि तिच्याच दारात हा प्रकार! 

बोरी बुद्रुकमध्ये ही बाग ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. बाईंचे यजमान केवलचंदशेठ गेले त्या साली बाईंनी घरामागची मोकळी जागा फुलांना देऊन टाकली. बरं, फुलं कशासाठी? देवाला म्हणावं तर त्यांचा पंथ जैनांतला स्थानकवासी, तिथं फूल वाहतच नाहीत. गजऱ्याला म्हणावं तर तेही नाही. सगळं माश्यांसाठी आणि फुलपाखरांसाठी. निवड अशी काटेकोर की नर्सरीवाल्यानं कपाळाला हात लावावा. त्यानं मोठा भरगच्च झेंडू पुढं केला की बाई नाक मुरडायच्या: नुसता दिखावा, माशीला आत शिरायला वाट कुठंय? त्यांना एकेरी पाकळीचा झेंडू हवा, एकेरी झिनिया हवी, गलांडा, सब्जा, बडीशेप हवी. कोथिंबीर तर त्या मुद्दाम फुलावर जाऊ द्यायच्या. एकाचा बहर सरायच्या आत दुसरं फुललं पाहिजे, वर्षाचा एक महिना रिकामा जाता कामा नये. गाव हसायचं. म्हातारी मध खात नाही, कांद्याला शिवत नाही आणि कांद्याच्या माश्या पाळते म्हणायचं.

म्हणायचं ते खोटंही नव्हतं. कुंपणापलीकडं इब्राहिमभाऊंची बायको हसीना बियाण्याचा कांदा लावते. कांद्याला पांढरे गोंडे येतात, त्यावर माशी फिरली तरच बी भरतं, नाहीतर हाती नुसती फोलपटं. यंदा तिचे पाच वाफे ऐन फुलात होते आणि पुढच्या साली घरच्या रानात लावायचा सगळा कांदा त्याच बियावर होणार होता. दोघींच्या मधल्या मेंदीच्या कुंपणात फुलोरी जातीच्या लहान मधमाश्यांचं तळहाताएवढं पोळं होतं. त्या माश्या इकडं बाईंच्या फुलांवर पोसायच्या नि तिकडं हसीनाच्या गोंड्यांवर राबायच्या.

त्यामुळं बाईंच्या डोक्यात पहिलं आलं ते हेच: हसीनानं फवारलं! अनवाणी तशाच तरातरा गेल्या आणि तिला फैलावर घेतलं. नाही नाही ते बोलल्या. हसीनानं हातातलं काम टाकलं. मग म्हणाली, "काकी, गोंडा फुलल्याव कोण फवारंल? मला माझं बी नको व्हय?"

 दोघी मेंदीपाशी गेल्या. आदल्या दिवशी माश्यांनी झाकलेलं पोळं उघडं पडलं होतं. मेण दिसत होतं, त्याला दहा-वीस माश्या कशाबशा धरून होत्या.  हसीना आपल्या वाफ्यांकडं बघत बांधावर बसली.

मग हे केलं तरी कुणी? बाई घरात आल्या आणि तेव्हा कुठं त्यांना स्वतःचा उद्योग आठवला. 

झालं होतं असं. त्यांच्या मुलाचं, जिनेशचं, बी-बियाणं आणि औषधांचं दुकान. बाईंनी मात्र एका चौमासात साध्वीजींसमोर फवारणीचं पच्चक्खाण घेतलेलं, म्हणजे जन्मभराचा नियम. फवारा हातात धरायचा नाही. कीड डोळ्यांदेखत तडफडते. पण यंदा झेंडूच्या शेंड्यांवर मावा चढला, पानं आकसली आणि बाईंचा जीव खालीवर व्हायला लागला. अशात दुकानात कामाला असलेले दादाभाऊ कुणाला तरी सांगताना त्यांनी ऐकलं, की ती अमकी बाटली पाण्यात घालून नुसती मुळाशी ओता, कीड झाडाच्या वाटेलाच जात नाही. बाईंना हायसं वाटलं. फवारा नाही, मारणं नाही, नुसतं दार लावून घेणं! जिनेशला न विचारता त्यांनी फळीवरची बाटली उचलली आणि झाडाझाडाच्या बुडाशी तांब्या तांब्या पाणी घातलं. पंधरा दिवसांत मावा गेला. बाई खूश.

आता त्यांनी ती बाटली जिनेशपुढं धरली. त्यानं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"आई, हे मुळातून वर चढतं. पानात, फुलात, फुलाच्या रसातसुद्धा. जो पिईल तो मरतो."

"रसात?" बाईंनी विचारलं. त्यांना ते खरंच वाटेना. पुन्हा विचारलं, "रसात?"

हाय रे कर्मा! निवडून निवडून रसाचीच फुलं लावली, माश्यांना आवतण दिलं आणि ताटात हे वाढलं! रडूसुद्धा येईना बाईंना. बाहेर ऊन चढत होतं आणि उरलेल्या माश्या सब्जावर यायला लागल्या होत्या. जिनेश म्हणाला, दुपारी माणूस पाठवतो, तू बस. बसतात कसल्या! पदर खोचला आणि समोरचा झेंडू मुळासकट ओढला. मग झिनिया, गलांडा, सब्जा. बडीशेपही उपटली. सूर्यफुलं जिनेशनं उपटली. बहरातलं एक झाड ठेवलं नाही. सगळं खड्ड्यात घालून वर माती ओढली.

मग मातीच्या हातांनीच त्या कुंपण ओलांडून गेल्या. हसीना अजून बांधावरच होती.

"तू नाहीस गं, हसीना. मीच पाजलं त्यांना. उगीच तुला बोलले."

हसीनानं सगळं ऐकून घेतलं. रागवावं तर समोर काकी, आणि गप्प राहावं तर समोर वाफे. शेवटी म्हणाली, "मग आता माझ्या गोंड्यांव कोण येणार?"

"मी येते," बाई म्हणाल्या.

हसीनानं दाखवून दिलं: तळवा एका गोंड्यावरून हलकेच फिरवायचा, तसाच पुढच्यावर न्यायचा, म्हणजे ह्याचे पराग त्याला लागतात. जन्मात कांद्याला न शिवलेल्या झमकूबाई वाकल्या आणि एकेक गोंडा कुरवाळत पुढं सरकू लागल्या. पाठ भरून आली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुपारपर्यंत दोघींचा मिळून जेमतेम एक वाफा झाला. चार अजून राहिले होते, आणि तेवढ्या वेळात गोंड्यांवर एकही माशी फिरकली नव्हती.